ज्ञानू, पाण्याचं तुला सांगायचं राहिलं

ज्ञानू, तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत भेटलेल्या प्रत्येक माणसानं मला एकच गोष्ट ऐकवली. माणूस आधी तुझ्या घरी जातो, शालनवहिनींसमोर घोंगडीवर बसतो, तुझ्या विलासच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मग कारखान्याच्या कॉलनीतच चार खोल्या सोडून माझ्या दारात येतो. ‘भूपालआण्णा, तुमी हुता म्हणून त्यो तवा वाचला. तुमच्यामुळं चार वर्सं जास्तीची गावली त्येला.’ मी मान हलवतो. चहा विचारतो. तो नको म्हणतो, मी ठेवतो, तो पितो. रोज सकाळपासून हेच चाललेलं असतं.

आता मान हलवायचाही कंटाळा आलाय बघ. कारण ते खरं नाही. तुझा डोळा गेला, हात आखडला, त्यात माझा वाटा आहे, आणि हे मला चार वर्षं माहीत होतं. तुला नव्हतं. ते सांगायला म्हणून मी कितीदा तुझ्या दारापर्यंत आलो, आणि उसाची लागण, एसटीचं वेळापत्रक, असलं भलतंच काहीतरी बोलून परत गेलो. तू म्हणायचास, ‘ह्ये सांगाय आलतास व्हय रं एवढ्या लांब?’ चार खोल्या, लांब!

कारखान्याच्या फळ्यावर तुझ्याबद्दल खडूनं लिहिलं होतं. उंब्रजचे रहिवासी, कुशल फिटर, मनमिळाऊ सहकारी. मनमिळाऊ! मी फळ्यासमोर उभा राहून एकटाच हसलो. अरे, तुझ्याशी कडाक्याचं भांडण झालं नाही असा एक माणूस आख्ख्या कारखान्यात सापडला नसता. पान्याच्या मापावरून भांडायचास, चहातल्या साखरेवरून भांडायचास, साखर कारखान्यात बसून! माझ्याशी तर गावावरून रोजचंच. ‘तुमच्या कुंडलला येस्टी वाट वाकडी करून येतीया, आमच्या उंब्रजला आख्खा हिंदुस्थान थांबतोय.’ मी म्हणायचो, थांबतोय तो लघवीला. मग तू दोन दिवस अबोला धरायचास आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा येऊन बसायचास.

मी जैनाचा. दिवस मावळला की माझं तोंड बंद. दुपारच्या पाळीत कामाच्या नादात वेळ निघून जायची आणि मी उपाशी राहायचो. हे तुला कळल्यापासून तू फिटरखात्यातून पटांगण ओलांडून यायचास आणि लांबूनच बोंब मारायचास, ‘भूपाल्या, सूर्य टेकला रं! चार घास गिळ आधी, न्हाईतर उद्या उजाडेपतोर पोटाला फडकं बांधून बसशील.’ माझ्या हातातलं फावडं घ्यायचास, दहा मिनिटं माझं काम ओढायचास. स्वतः कांदा खाल्लेला असला तर चार हात लांब उभा राहायचास. मी म्हणायचो, वासानं धर्म बुडत नाही रे. ‘तुझा बुडत नसंल, तुझ्या आव्वाला काय वाटंल?’ माझ्या आईला तू एकदाच भेटला होतास.

माझं काम चुन्यावर. उसाचा रस साफ करायला त्यात चुना घालतात, तो तयार करायचा हौद माझ्याकडं. भट्टीतून आलेली कोरडी ढेकळं हौदात टाकायची आणि वर पाणी सोडायचं. पाणी पडलं की ढेकूळ तडकतं, उकळतं, वाफ सोडतं. कामावर गेलो त्या पहिल्या दिवशी जुन्या मुकादमानं मला हौदाशी उभं केलं, एक ढेकूळ पाटीत ठेवलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ‘बघितलंस? ह्ये तुझ्या कातड्यावर झालं म्हंजे? चुना अंगावर पडला तर पाण्याला शिवायचं न्हाई. झाडायचं, कोरड्या बारदानानं पुसायचं आणि वर खोबरेल चोपडायचं.’ मी ते शिकलो. पुढं दहा-बारा वर्षं हौदावर आलेल्या प्रत्येकाला मीही तसाच तांब्या ओतून दाखवला. खोबरेलाची बाटली हौदाशेजारच्या खिळ्याला कायम टांगलेली. लोक माझं ऐकायचे. चुन्यातलं भूपालला विचारा, असं साहेबसुद्धा म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते लय आवडायचं.

दुष्काळ सरल्यावरचा दुसरा हंगाम. सफाईसाठी कारखाना दीड दिवस बंद होता. रस आटवायच्या त्या उंच टाक्या, आपण ज्यांना बॉड्या म्हणतो, त्यांच्या नळ्यांना आतून दगडासारखा थर धरतो. तो मऊ पडावा म्हणून आत कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून उकळतात, मग ते सोडून देतात आणि माणसं आत उतरून नळ्या घासतात. त्या दिवशी तीन नंबरच्या बॉडीतलं कॉस्टिक सोडलं होतं. खालच्या पाइपातून धार आली आणि बंद झाली. सगळ्यांना वाटलं, संपलं. खरं म्हणजे सुटलेल्या थरानं व्हॉल्व बुजला होता आणि वरचा पाइप तसाच भरलेला होता. व्हॉल्व उघडून साफ करायला तुला बोलावलं. आमचं खातं बंद म्हणून मला आणि आमच्या महादूला तिथं मदतीला धाडलं होतं. तुझा चष्मा कपाळावर होता. वाफेनं काच धुरकटते, काही दिसत नाही, म्हणून सगळेच तो वर सरकवायचे.

दोन नट तू काढलेस. तिसरा सैल करताना तू मला काहीतरी सांगत होतास, उंब्रजच्या बाजारातल्या बैलाचं. ती गोष्ट तू पुढं कधी पूर्ण केली नाहीस आणि मीही विचारली नाही.

धार सुटली ती तुझ्या डाव्या बाजूवर. गाल, डोळा, मान, डावा हात कोपराच्या वरपर्यंत. तू पाना टाकून खाली बसलास आणि ‘आई गं’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलास. नळ्या धुवायचा पाण्याचा पाइप महादूच्या हातात होता. चालू होता. चार पावलांवर होता. महादू तुझ्याकडं वळला, पाइप वर उचलला, आणि मी ओरडलो, ‘पाणी मारू नगं! पेटंल त्यो!’

महादू थांबला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, पण सांगणारा मी होतो. त्यानं पाइप खाली टाकला. मी बारदान घेतलं आणि तुला पुसलं. मान पुसली, हात पुसला, डोळा पुसला. मग हौदापर्यंत धावत गेलो, खिळ्यावरची बाटली आणली आणि होतं तेवढं तेल तुझ्या अंगावर ओतलं. तू म्हणत होतास, ‘आग हुतीया रं, आत आग हुतीया.’ मी म्हणत होतो, थांब, आता थंड वाटेल. पाइपातलं पाणी आपल्या पायांखालून गटाराकडं वाहत होतं. माझे जोडे भिजले, एवढं मला अजून आठवतं.

जीपनं तुला मिरजेला नेलं. वाटेत तुझं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यात तुला आत घेतल्यावर बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, ‘पाणी किती वेळ घातलंत?’ मी म्हणालो, ‘पाणी न्हाई घातलं साहेब. लगेच पुसून तेल लावलं.’ जरा छाती काढूनच सांगितलं रे मी. ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही उलटून काही बोललो असतो.

‘अहो, कॉस्टिकला पाणीच,’ ते म्हणाले. ‘भरपूर पाणी, अर्धा तास, तासभर. पाण्यानं ते धुऊन जातं. तेलाखाली ते आत खात राहतं. तिथल्या तिथं पाणी मिळालं असतं तर डोळा राहिला असता. हातही एवढा गेला नसता.’ मी चुन्याचं सांगायला लागलो, तांब्याचं, ढेकळाचं. त्यांनी ऐकून घेतलं. ‘कोरडा चुना असेल तर आधी झाडायचा, हे बरोबर. पण त्यानंतर त्यालाही पाणीच. भरपूर असलं की पाणी पेटवत नाही हो, ते सगळं घेऊन जातं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. पुढच्या वेळी ध्यानात ठेवा.’ आणि ते आत गेले. त्या व्हरांड्यात मी एकटाच होतो. महादू जीपबरोबर परत गेला होता.

चौथ्या दिवशी तुला बोलता यायला लागलं. तुझ्या उजव्या हातानं तू माझं मनगट धरलंस. ‘भूपाल्या, तू हुतास म्हणून रं.’ आता तूच सांग, पट्ट्यांत गुंडाळलेल्या माणसाला त्या वेळी काय सांगायचं? घरी आल्यावर सांगू म्हटलं. घरी आलास तर शालनवहिनी माझ्या पाया पडायला वाकल्या. मग म्हटलं हंगाम संपल्यावर सांगू. मग दिवाळी झाल्यावर. तू एका डोळ्यानं सायकल चालवायला शिकलास, पडलास, उठून सायकललाच शिव्या दिल्यास. त्या दिवशी म्हटलं, आज नको, आज याचा मूड चांगला आहे. सांगायला सोपा असा दिवस उजाडलाच नाही.

तुला गेटवर बसवलं. आणि तू, गप्प बसणारा थोडाच! नवा माणूस कामावर आला की त्याला तू खिडकीशी थांबवायचास, बाही वर करून तो आखडलेला हात दाखवायचास आणि माझी कीर्ती गायचास. ‘ह्यो हात बघ. एवढाच ऱ्हायला त्यो बी चुन्यावरच्या भूपालमुळं. समदी पाणी मारणार हुती, ह्यानं आरडून थांबीवलं. ध्यानात ठेव, पाणी न्हाई, तेल.’ तुझं ऐकून ते हात जोडून माझ्याकडं यायचे. मी काय केलं? हौदावरचा तांब्या बंद केला. नव्या माणसांना सांगायला लागलो, आधी झाडा, मग पाणी, मोप पाणी. ते गोंधळायचे. ‘पण गेटवरचं ज्ञानूमामा तर तेल म्हणत्यात.’ मी म्हणायचो, त्यांचं ऐकून घ्या, करा मी सांगतो ते. ही माझी हुशारी. एका कारखान्यात दोन शाळा चालू होत्या, आणि गेटवरच्या मास्तराला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि या सगळ्यात तुझी ती बोंब चुकली नाही. स्वतः गेट सोडून येता येईना, तर बैलगाडीवाल्याकडनं निरोप. ‘गेटवरनं सांगावा हाय, सूर्य टेकला म्हणं.’ गाडीवाल्याला काही कळायचं नाही, तो माझ्याकडं वेड्यासारखा बघायचा. मी भाकरीचं फडकं सोडायचो आणि पहिला घास खाली जायचा नाही. ज्ञानू, तुझ्याइतका जीव मला सख्ख्या भावानं लावला नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘काय रं, ताप आलाय का?’

विलास आयटीआय करून कुपवाडला लागला तेव्हा तू कॉलनीभर पेढे वाटलेस. लोखंडी सामानाला मुलामा द्यायचा छोटा कारखाना. आधी माल कॉस्टिकच्या टाकीत धुवायचा, मग आम्लाच्या टाकीत बुडवायचा, मग मुलामा. तिथल्या पंपांची, नळांची दुरुस्ती विलासकडं. त्या टाक्यांची नावं मी तुझ्याच तोंडून ऐकली. त्याच दिवशी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

महिन्याभरापूर्वीचा तो रविवार. आम्लाचा पंप उघडताना विलासच्या मनगटावर उडालं होतं आणि आठ दिवसांत बरंही झालं होतं. सुट्टीला तो घरी आला, तुला कळलं, आणि तू त्याला धरून माझ्या ओट्यावर आणलंस. ‘सांग ह्येला! ह्येच्या फोरमननं पाणी घातलं म्हणं. अर्धा घंटा नळाखाली हात धरून ठिवला! आनी ह्यो बी धरून बसला!’ विलास हसत होता. ‘दादा, पण बरं झालंय की. बघा तरी.’ त्यानं हात पुढं केला. मनगटावर नुसता तांबूस डाग, कातडी धड, बोटं पाचही मोकळी. तू बराच वेळ बघितलंस. मग आपला डावा हात उचलून त्याच्या हाताशेजारी ठेवलास.

‘लय बरं झालंय रं,’ तू म्हणालास. आवाज एकदम खाली आला होता. मग तू माझ्याकडं वळलास. ‘भूपाल्या, माझ्या टायमाला पाणी घातलं असतं तर डोळा ऱ्हायला असता का रं?’

तू रागानं विचारलं नाहीस. संशयानंही नाही. पावसाचं विचारावं तसं विचारलंस, आणि तुझा उजवा डोळा माझ्या तोंडाकडं लागलेला. चार वर्षं मी ज्या सोप्या वेळेची वाट बघत होतो ती तूच माझ्या ओट्यावर आणून ठेवली होतीस. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो, ‘न्हाई रं. त्ये आम्ल. आम्लाला पाणी चालतं. कॉस्टिकची गोष्ट येगळी. कॉस्टिकला तेलच.’

काय सहज आलं तोंडातून! जणू कुठल्या पुस्तकात वाचलं होतं. तू मोठा श्वास सोडलास आणि हसलास. ‘मग बराबरच केलंस की तू.’ माझ्या मांडीवर थाप मारलीस. तू माझ्यासाठी खूश झाला होतास. माझी चूक नव्हती म्हणून तुला बरं वाटलं. स्वतःच्या डोळ्याचं तू पुढं काही बोलला नाहीस. विलासला म्हणालास, ‘ऐकलंस? चुन्यातला माणूस हाय त्यो, त्येला ठावं असतंय.’ त्यानंतर तुझ्यासमोर बसवेना मला. दोनदा तुझा सांगावा आला तरी मी कामाचं निमित्त काढून गेलो नाही. तुला वाटलं, गावावरनं काहीतरी बोललास म्हणून मी रुसलो. महादूला म्हणालास म्हणे, ‘कुंडलकर फुगलंय.’

आणि मग ती दुपार. छातीत दुखतंय म्हणालास, गेटवरच्या बाकावर आडवा झालास, जीप काढेपर्यंत संपलंही. मी धावत आलो तेव्हा तुझी टोपी खाली पडली होती. ती उचलून तुझ्या छातीवर ठेवली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

तेरावा झाला. आज सकाळी विलास कुपवाडला परत निघाला. मी त्याला पोहोचवायला एसटीपर्यंत जावं म्हणून तुझ्या घरी गेलो. शालनवहिनी भाकऱ्या बांधत होत्या. विलासनं पिशवीत कपडे भरले आणि वर खोबरेलाची एक भरलेली बाटली ठेवली. मी विचारलं, ‘केसाला एवढं तेल?’ तो म्हणाला, ‘न्हाई काका, दादांनी भरून ठिवलीती. कॉस्टिकसाठी. मागल्या बारीला बी एक दिलती, ती टाकीपाशी ठिवलीया. आनी त्यांनी कागद बी लिवून दिलाय, आम्लाला पाणी, कॉस्टिकला तेल. मोठ्या अक्षरात. टाकीवर चिकटवलाय म्या. फोरमन बी म्हणाला, जाणत्या माणसाचं हाय, ऱ्हाऊ दे.’

मी उंबऱ्यावरच बसलो. तू तो कागद कसा लिहिला असशील ते मला दिसत होतं, डावा हात कागदावर दाबून, एक डोळा जवळ नेऊन, जीभ दातात धरून. त्या तिथं दहा-बारा माणसं काम करतात. त्यातला एक तुझा पोरगा.

मग मी सांगितलं. महादूच्या हातातल्या पाइपापासून डॉक्टरांपर्यंत आणि डॉक्टरांपासून त्या रविवारपर्यंत. काही गाळलं नाही, आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. मांडायला होतंच काय. विलास पिशवी हातात धरून उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, ‘पाणी किती वेळ घालायचं?’ मी म्हणालो, अर्धा तास तरी, थंडी वाजली तरी, कपडे काढून. डोळ्यात गेलं तर पापणी ओढून धरायची आणि पाणी सोडतच राहायचं, दवाखान्यात जाईपर्यंत. तो म्हणाला, ‘कॉस्टिकच्या टाकीपाशी नळ न्हाई. नळ पार दाराकडं हाय.’ मग आजच्या आज पिंप भरून टाकीशेजारी ठेव, म्हणालो, रोजचं पाणी बदल, बादली पिंपाला बांधून ठेव. आणि तो कागद फाडून टाक.

‘दादांच्या हातचं अक्षर हाय त्ये,’ तो म्हणाला. ‘काढतो. फाडत न्हाई. घरी आणतो.’ पिशवीतली बाटली काढून त्यानं ओट्यावर ठेवली, आईच्या पाया पडला आणि निघाला. मला ‘येतो काका’ म्हणाला नाही. मी त्याच्याबरोबर एसटीपर्यंत गेलो नाही. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिलो.

शालनवहिनी भाकरीचं फडकं हातात घेऊन तिथंच उभ्या होत्या. ‘त्यास्नी ठावं हुतं?’ त्यांनी विचारलं.

‘न्हाई वहिनी.’

‘त्यांनी तर इचारलं हुतं तुमास्नी. त्या रोजी ओट्यावर. तुमच्या घरात म्या तुमच्या मंडळींसंगं शेंगा निवडत बसलेली. ऐकलं म्या.’

‘इचारलं हुतं,’ मी म्हणालो.

‘आवं भावजी, डोळा गेला त्यो गेला. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, त्ये म्या बी जाणते. त्येनी बी काय म्हणालं नसतं, लई तर चार दिस शिव्या घातल्या असत्या. पण माझ्या माणसाच्या हातनं तुमी लेकराला इख लिवून दिलंसा.’ त्या रडल्या नाहीत. फडक्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. ‘आनी आता मला कशापायी सांगताय? ज्येनं इचारलं हुतं त्येला सांगा.’ एवढं बोलून त्या आत गेल्या.

म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. बायको विचारते, कुणाला लिहिताय एवढं? तिला अजून सांगितलेलं नाही, तिलाही सांगेन. उद्या हौदावर महादूला सांगेन, की त्यानं पाइप उचलला होता ते बरोबर होतं. तोही बिचारा इतकी वर्षं समजतोय, की आपल्या हातून तुझा जीव जायचा होता. नवी माणसं येतील त्यांना सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगेन. ते सगळं करतो रे. दमलोय, पण करतो. आधी तुझं.

ज्ञानू, तू विचारलं होतंस, माझ्या टायमाला पाणी घातलं असतं तर डोळा राहिला असता का. व्हय. राहिला असता. महादू पाणी घालत होता, मी घालू दिलं नाही.